दोन भाड्यांच्या मधला वेळ

शेवटची लोकल गेली की मुंबईतला टॅक्सीस्टँड निराळा दिसायला लागतो. दिवसा जिथं हॉर्न, हाका आणि सुट्ट्या पैशांवरून चाललेली हुज्जत असते, तिथं ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांच्या खिडक्यांतून पाय बाहेर आलेले असतात. भेगाळलेल्या टाचा, दारावर वाळत घातलेला शर्ट, डास येऊ नयेत म्हणून काचेच्या फटीत कोंबलेला टॉवेल. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत माझी उमेदीची वर्षं गेली. शेवटचं पान छपाईला सोडून खाली उतरलं की घर गाठायला टॅक्सीशिवाय काही नसायचं, आणि टॅक्सी करायची म्हणजे कुणाची तरी झोप मोडायची. बॉनेटवर दोनदा थाप मारली की आतला माणूस दचकून उठायचा, आपण कुठं आहोत याचा अंदाज घ्यायचा, बाटलीतल्या पाण्यानं डोळे ओले करायचा आणि मग विचारायचा, "किधर?"

गाडीवर कधीपासून आहात, असं विचारलं तर "सकाळपासून" एवढंच उत्तर यायचं. आजच्या की कालच्या, हे पुन्हा विचारावं लागायचं.

टॅक्सीवाल्यांच्या कष्टांबद्दल आपण बोलतो तेव्हा गाडी चालवण्याबद्दल बोलतो. कोंडी, खड्डे, धूर, ऊन. त्यांच्या बोलण्यात मात्र चालवण्याची कुरकुर मी क्वचितच ऐकली. चालवण्याचा बहुतेकांना अभिमान असायचा. पेडर रोडचा चढ आणि परळचा पूल कुठल्या गिअरमध्ये घ्यायचा यावर ते मनापासून बोलायचे. तक्रार असायची ती बसून राहण्याची. एक भाडं उतरलं आणि दुसरं मिळेपर्यंतची बैठक. गॅसच्या रांगेतली, टर्मिनसबाहेरच्या रांगेतली, आरटीओच्या आवारातली, मालकाच्या दारातली. दिवसाचा केवढा तरी हिस्सा या बैठकीत जातो आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. टॅक्सीवाल्याला न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न माझ्या मते या मधल्या वेळाचा आहे.

मीटरकडे नीट पाहिलं तर हे समजतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं. ते पहिल्या दीड किलोमीटरचं. पुढं दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. मध्यरात्री ते पहाटे पाच सव्वापट. सिग्नलला गाडी थांबली तरी मीटर सावकाश सरकत राहतो, कारण मागं प्रवासी बसलेला असताना चालकाच्या थांबण्याला मोल आहे. प्रवासी उतरला की त्याच माणसाचं, त्याच गाडीतलं, त्याच सिग्नलवरचं थांबणं फुकट होतं. भाडेवाढीसाठी समित्या नेमल्या जातात. २०१२ साली हकीम समितीनं सूत्र दिलं, त्यानंतर खटुआ समितीनं दिलं. गाडीची किंमत, घसारा, इंधन, विमा, दुरुस्ती, महागाईचा निर्देशांक, सगळं त्यात येतं. कागदावर रिकाम्या धावेलाही जागा मिळत असेल. पण चालक दिवसातले किती तास नुसता बसून असतो, हे विचारायला स्टँडवर वही घेऊन कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. त्यातून ही वाढ वेळेवर येते असंही नाही. फेब्रुवारी २०२५ च्या आधीची वाढ ऑक्टोबर २०२२ मधली, २५ चे २८ झाले होते तेव्हाची. वाढ जाहीर झाली की मीटर नव्यानं जुळवून घ्यायचा, त्याचा खर्च चालकाचा आणि त्यासाठीची रांगही चालकाची. म्हणजे दोन-तीन रुपये मिळवण्यासाठीसुद्धा आधी एक दिवस बसून काढायचा.

जुन्नरकडचे एक काका मला वरचेवर भेटायचे. गाडी त्यांची नव्हती. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या पुष्कळांची ती नसते. परमिट एकाचं, गाडी त्याची किंवा त्याच्या भावाची, आणि चालवणारे दोघं, एक दिवसपाळीला आणि एक रातपाळीला. मालकाला रोजचं ठरलेलं भाडं द्यायचं, गॅस आपण भरायचा, जाताना टाकी पुढच्यासाठी भरून ठेवायची. गाडी पंक्चर झाली, चलान आलं, पाऊस पडून शहर बंद पडलं, तरी मालकाचं भाडं चुकत नाही. काका सांगायचे, "ताई, पहिले सहा तास मी मालकाचा. पुढचे दोन गॅसवाल्याचे. त्यानंतर जे मिळंल ते माझं, आणि नेमकी तेव्हाच मुंबई जाम होते." हे ते हसत सांगायचे. हिशेबात कुठं खोट नव्हती.

उत्तर प्रदेशातून आलेल्यांची रीत आणखी निराळी. जौनपूर, प्रतापगड, आझमगड या बाजूंच्या गावांतून दोन-तीन पिढ्या मुंबईत टॅक्सी चालवतात. एका गावचे दोघं मिळून एक गाडी धरतात. एक कापणीला किंवा लग्नसराईला मुलुखाला गेला की दुसरा बदलीवर चालवतो. खोली आठ-दहा जणांत मिळून असते, आणि ज्याची पाळी नसते त्यालाच ती आडवं व्हायला मिळते. उरलेल्यांनी गाडीत झोपायचं. मुजफ्फर अली यांच्या १९७८ सालच्या 'गमन' या चित्रपटात फारुख शेख यांनी असाच एक टॅक्सीवाला उभा केला होता, गावी बायको सोडून आलेला आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कधीच साठवू न शकलेला. चित्रपट येऊन जवळजवळ अर्धशतक होत आलं. गाड्या बदलल्या, मीटर बदलले. खोलीतली माणसं तेवढीच राहिली.

गाड्यांचं निघालंच आहे तर सांगते. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यानं ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात अवघं शहर हळवं झालं होतं. फोटो निघाले, लेख आले, छतावरच्या नक्षीची आणि मागच्या काचेवरच्या शेरांची उजळणी झाली. मला मात्र स्टँडवर ऐकलेली हळहळ लक्षात राहिली. पद्मिनीचं पुढचं आसन सलग होतं आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता. त्यामुळे पाय दुमडून का होईना, माणसाला तिथं आडवं होता यायचं. नव्या गाड्यांत दोन आसनांच्या मध्ये गिअर आणि हँडब्रेक येतो. "बरगडीत घुसतो," असं एकानं दाखवून सांगितलं. सुधारलेल्या गाडीत प्रवाशाची सोय वाढली, एसी आला, आणि चालकाचा पलंग गेला. या नफ्या-तोट्याबद्दल एकही ओळ त्या लेखांत नव्हती. आमच्या पानावरही नव्हती, आणि आमच्या पानावर जागा होती.

गॅसच्या रांगेबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. रोजची रांग प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते. गाडी बंद करून उतरायचं, पुढची सरकली की दार धरून ढकलत न्यायची, म्हणजे गॅस वाचतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरला आरसीएफच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या गेट स्टेशनला येणारा पुरवठा आटला आणि शहरभर पंपांपुढं गाड्यांच्या रांगा लागल्या. बातम्यांत मुख्यतः प्रवाशांचे हाल होते. ते झालेच होते, नाही असं नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा दिवस तर पुरता गेला होता, आणि मालकाचं भाडं त्या दिवशीही द्यायचं होतंच.

बैठकीचं दुसरं नाव लघवी तुंबवणं असं आहे. हे लिहायला संकोच वाटतो, पण त्याशिवाय टॅक्सीवाल्याबद्दल लिहिलेलं काहीच खरं ठरणार नाही. बारा-चौदा तास रस्त्यावर असलेल्या माणसानं जायचं कुठं? सार्वजनिक शौचालय दिसतं तिथं गाडी उभी करायला जागा नसते. गाडी उभी करायला जागा असते तिथं शौचालय नसतं. दोन मिनिटांसाठी रस्त्याकडेला लावली तर कॅमेरा फोटो काढतो आणि संध्याकाळी मोबाइलवर ई-चलान येतं, दिवसाच्या कमाईचा लचका तोडणारं. म्हणून मग पाणीच कमी प्यायचं. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, इंजिनच्या धगीशेजारी बसून पाणी कमी प्यायचं. मुतखडा, मूळव्याध, पाठीचं दुखणं, रक्तदाब ही या धंद्यातली घरगुती नावं आहेत. मण्यांचं आसन पाठीला बरं असतं म्हणून घेतात, पण चौदा तासांवर मणी तरी काय करणार? टॅक्सी चालवणाऱ्या बायका मुंबईत थोड्या आहेत. त्यातल्या एकीला मी विचारलं होतं की या धंद्यात सर्वांत कठीण काय. मला वाटलं, ती रात्रीच्या भीतीबद्दल, पुरुषांच्या नजरांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "ओळखीची तीन हॉटेलं आहेत. त्या तिन्हींच्या आसपासचंच भाडं घेते."

आता प्रवाशांची बाजू. मीही प्रवासीच आहे. "नहीं जाएगा" हे शब्द रात्री दीड वाजता ऐकले की जीव जळतो. जवळचं भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हातात बाळ घेतलेली बाई, काठी टेकत आलेले आजोबा, रुग्णालयाच्या दारातला माणूस यांना नाकारणाऱ्याची मी वकिली करणार नाही. तरी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसबाहेरच्या रांगेत एकदा नुसतं उभं राहून पाहावं. गाडी पुढं सरकत सरकत पहिल्या नंबरवर यायला कधी दीड तास जातो, कधी दोन. मग दार उघडतं आणि प्रवासी म्हणतो, "चेंबूर." मीटरवर पन्नास-साठ रुपये होणार, आणि परतलं की रांगेच्या शेपटाला. दोन तासांची ती बैठक या एका भाड्यानं भरून निघायची असते, म्हणून तो लांबच्या भाड्याची आशा धरून असतो. त्यानं नकार दिला की आपल्याला त्याचा माज दिसतो, कारण रांगेतले दोन तास आपण पाहिलेले नसतात. दंड करून हा नकार थांबणार नाही. रांगेतल्या वेळाचा काही मोबदला ठरला तर कमी होईल. काही ठिकाणी जवळच्या भाड्यावरून परतलेल्याला रांगेत पुढं घेतात. एवढ्या साध्या तजविजीनंही पुष्कळ भांडणं मिटतात.

ॲपवरच्या टॅक्सीनं हे सगळं सुटेल, असं दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही मध्यमवर्गीयांनी मानलं होतं. भाव करायला नको, हात हलवायला नको. सुरुवातीला चालकांवर बोनसची खैरात झाली, लोकांनी गावची जमीन गहाण टाकून, हप्त्यानं गाड्या घेतल्या. मग बोनस आटले, हप्ते राहिले. आता चालक फोन करून विचारतो, "कुठं जायचंय? कॅश की ऑनलाइन?" आणि आपण चिडतो. त्याला कॅश का हवी असते? कारण संध्याकाळी गॅस भरायचा असतो, आणि ऑनलाइन आलेला पैसा कंपनीचा वाटा कापून, कंपनीच्या वेळेनं येतो. शिवाय आपण त्याला पाचपैकी तारे देतो. तो आपल्याला काय देतो याची फिकीर आपल्याला नसते. त्याचा मात्र तारे कमी झाल्यानं आयडी बंद पडू शकतो, आणि मग दाद मागायची ती एका ध्वनिमुद्रित आवाजाकडं. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालकानं दिवसात बारा तासांहून जास्त लॉगइन राहू नये असं म्हटलेलं होतं. स्टँडवर याचा उल्लेख केला की हशा होतो. एका ॲपवरून उतरलं की दुसऱ्यावर चढता येतं, आणि हप्ता भरणारा माणूस बारा तासांत घरी गेला तर गाडी बँकेच्या घरी जाते.

कामाच्या तासांचा विषय निघाला की मला गिरण्या आठवतात. माझं कार्यालय एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभं राहिलेल्या इमारतीत होतं. काकांचे वडील त्याच भागातल्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. अडीच लाख कामगारांपैकी किती जण पुढं कुठं कुठं पांगले त्याचा कुणी नीट हिशेब ठेवला नाही. काकांचं घर टॅक्सीत आलं. ते एकदा म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याला भोंगा होता." म्हणजे आठ तास भरले की भोंगा व्हायचा आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती जायचं. कॅन्टीन होतं, ईएसआयचा दवाखाना होता, फंड कापला जायचा. गिरणी काही स्वर्ग नव्हती, तिथल्या तंतूंनी पोखरलेली फुप्फुसं घेऊन माणसं गावी मरायला गेली आहेत. पण कामाचा दिवस कुठं संपतो हे तिथं ठरलेलं होतं, आणि ते ठरवून घ्यायला माणसं लढली होती.

वाहतूक कामगारांसाठीही तसं ठरवणारा कायदा होता. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, १९६१. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी. फक्त तो पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या आस्थापनांना लागू होता. टॅक्सीचा मालक म्हणजे एक गाडी आणि दोन चालक, म्हणून तो या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा त्यातल्या एकीत विलीन झाला. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांची प्रथमच दखल आहे: कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची. चांगलं आहे. पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागं कंपनीच नाही. मग जुन्नरच्या काकांसाठी एक टक्का कोण देणार?

लंडनमध्ये रस्त्याकडेला हिरव्या रंगाची लाकडी खोपटी दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. त्यांची हकिगत टॅक्सीस्टँडवर लावून ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात घोड्याची बग्गी चालवणाऱ्याला स्टँडवर गाडी सोडून जायची मुभा नव्हती. जेवायला जायचं तर राखायला एखादा पोरगा पैसे देऊन ठेवावा लागे. पावसात, बर्फात तो तसाच बसून असायचा, नाहीतर दारूच्या गुत्त्यात जाऊन ऊब घ्यायचा. गोष्ट अशी सांगतात, की एका वर्तमानपत्राच्या संपादकाला हिमवादळात बग्गी मिळेना, कारण सगळे गाडीवाले गुत्त्यात होते. त्या चिडीतून १८७५ मध्ये निवारा निधी उभा राहिला. जागा सार्वजनिक रस्त्यावरची, म्हणून खोपटं घोडा आणि गाडी यांच्याएवढंच हवं, अशी अट होती. तेवढ्यात स्वयंपाकाची शेगडी, बाकं आणि दहा-बारा माणसांची दाटी. आत दारू, जुगार आणि राजकारण या तिन्हींना बंदी. अशी ६१ खोपटी उभी राहिली, त्यातली १३ अजून आहेत आणि तिथं आजही टॅक्सीवाले बसून गरम जेवतात. दीडशे वर्षांपूर्वी, सोयीसाठी का होईना, एका शहरानं मान्य केलं होतं की गाडीवाला जेवढा वेळ चालवतो तेवढाच थांबतो, आणि थांबणाऱ्याला छप्पर लागतं. संपादक चिडले की कधी कधी उपयोग होतो, एवढी गोष्ट मी व्यवसायबंधूंसाठी नोंदवून ठेवते.

त्याच शहरात १९ फेब्रुवारी २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांचा खटला निकाली काढला. चालक हे कामगारच आहेत, आणि ॲप सुरू करून भाडं घ्यायला तयार असलेला सगळा वेळ हा कामाचा वेळ आहे, असं न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. यासीन अस्लम आणि जेम्स फरार या दोन चालकांनी वर्षानुवर्षं ही लढाई लढली होती. निकालानंतर महिन्याभरात कंपनीनं किमान वेतन द्यायचं कबूल केलं, पण भाडं स्वीकारल्यापासूनच्या वेळाचं. मधला वेळ पुन्हा बाहेर.

न्यूयॉर्कनं तो गणितात आणला. २०१९ पासून तिथल्या टॅक्सी आयोगानं ॲपवरच्या चालकांना किमान मोबदला ठरवून दिला, खर्च वजा जाता तासाला १७.२२ डॉलर. त्यातली खुबी अशी. आयोगानं कंपन्यांकडून आकडे मागवून पाहिलं, तर चालक रस्त्यावर असलेल्या वेळापैकी सरासरी ५८ टक्के वेळच गाडीत प्रवासी असतो. म्हणजे तासातली जेमतेम ३५ मिनिटं. मग मैलाचा आणि मिनिटाचा दर या ५८ टक्क्यांनी भागायचा, म्हणजे उरलेली २५ मिनिटं त्या ३५ मिनिटांच्या भाड्यात भरून येतात. हे वाचलं तेव्हा मला काकांना फोन करून सांगावंसं वाटलं होतं. पुढची गंमतही सांगायला हवी. रिकामा वेळ महाग पडायला लागल्यावर कंपन्यांनी मंदीच्या तासांत चालकांना ॲपबाहेरच ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ते बसलेले असले तरी कागदावर दिसणार नाहीत. कायदा झाला की पळवाट शोधली जाते आणि पळवाटेमागून कायद्याला पुन्हा धावावं लागतं. तरी मधला वेळ मोजता येतो, हे एकदा सिद्ध झालं ते झालं.

आणि आपल्याला त्यासाठी न्यूयॉर्कला जायचीही गरज नाही. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. बाजारात, गोदीत पाठीवर ओझं वाहणाऱ्याला एक मालक नव्हता. सकाळी या पेढीचं पोतं, दुपारी त्या पेढीचं, आणि मधे वखारीच्या पायरीवर बसून राहणं. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सोबत्यांच्या लढ्यातून तोडगा निघाला तो असा, की मालक ठरत नसेल तर मंडळ नेमा. पेढ्यांनी मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही द्यायची, आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी मिळायचं. ज्या हमालाचं नाव कुणा पेढीला ठाऊक नव्हतं त्याला त्यामुळं म्हातारपण आलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीच्या पाठोपाठ रिक्षा पंचायत उभी केली, ती याच विचारानं. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले तेव्हा हमाल आणि रिक्षावाले मिळूनच त्यांना निरोप द्यायला आले होते.

आनंद दिघे यांच्या नावानं रिक्षा-टॅक्सी चालकांचं कल्याणकारी मंडळ राज्यात आता झालं आहे. त्याचं स्वागत करून मी एक शंका विचारते. माथाडी मंडळाचा कणा लेव्हीचा होता, म्हणजे काम करवून घेणारा पैसे देत होता. या मंडळात नोंदणीची फी आणि वार्षिक वर्गणी चालकाच्याच खिशातून जाते. ज्याचा वेळ फुकट जातो त्यानंच त्याची भरपाई भरायची, हे कल्याण जरा अजब आहे. दर भाड्यामागं रुपया-दोन रुपये प्रवाशानं दिले, आणि विमानतळ, मॉल, टर्मिनस यांनी दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमागं आपला वाटा दिला, तर हे मंडळ माथाडी मंडळाच्या तोडीचं होईल. मला दोन रुपये जड नाहीत. वाचणाऱ्यांनाही नसावेत.

रात्रपाळीतली एक आठवण या जागी लिहिते, कारण ती या हिशेबातलीच आहे. आमच्या गल्लीतले दिवे बहुतेक वेळा गेलेले असायचे. पैसे देऊन मी उतरले की मीटर बंद व्हायचा आणि टॅक्सी मात्र तिथंच राहायची. हेडलाइटच्या उजेडात मी फाटक उघडायची, जिना चढायची, पहिल्या मजल्यावरचा दिवा लावायची. मग खाली इंजिनचा आवाज व्हायचा आणि गाडी वळायची. मी कुणालाही थांबायला सांगितलं नव्हतं. बहुतेक सगळे थांबायचे; जौनपूरचे, जुन्नरचे, कुणीही. घरी विषय निघाला की आई म्हणायची, "पोलीस ठेवलाय का ग तू?" त्या दोन-तीन मिनिटांचे पैसे मी कधी दिले नाहीत आणि त्यांनी कधी मागितले नाहीत. सौजन्य फुकटच असायला हवं, मान्य. पण ज्यांच्या दिवसातले चार-पाच तास आधीच फुकट गेलेले आहेत त्यांच्याकडून आणखी दोन मिनिटं फुकट घेताना शहराला काही वाटायला हवं.

कायदे होतील तेव्हा होतील, लेव्ही येईल तेव्हा येईल. एक काम मात्र कुठल्याही मंत्रालयाशिवाय होण्याजोगं आहे. तुमच्या सोसायटीच्या आवारात वॉचमनसाठी शौचालय असतं आणि पिण्याच्या पाण्याचा नळ असतो. तुम्हाला सोडायला किंवा न्यायला आलेल्या टॅक्सीवाल्याला ती दोन्ही वापरू द्यावीत आणि तोवर गाडी आत उभी करू द्यावी, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा, आणि मंजूर झाला की फाटकावर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा.